दहा झाकणांची उंची

४ मार्च, बुधवार

डॉक्टर म्हणाले, आजी, मनात काही ठेवत जाऊ नका, रक्तदाब वाढतो. सूनबाई शेजारीच उभी होती. म्हणाली, "डॉक्टर, यांच्या मनात काही राहतच नाही. सगळं आमच्या कानात येतं. वाढला तर आमचा वाढेल." त्यावर डॉक्टरांनी डायरी लिहायचा उपाय काढला.

मला अक्षर येत नाही. शाळेच्या दारापर्यंत मी रोज जायची, धाकट्या भावाला पोचवायला. दार चांगलं भक्कम होतं. आत काय होतं ते त्याला विचारा. म्हणून असं ठरलं की मी सांगायचं आणि खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाईंनी लिहायचं. त्या एका कचेरीत तेहतीस वर्षं टाईप करून रिटायर झाल्या. साहेब शिंकले तर तेही टाईप व्हायचं असा त्यांचा लौकिक. रोज चारला चहाला येतात. डायरी त्यांनीच आणली, जुन्या सालातली कोरी. तारखा बरोबर, वार चुकीचे. छापलेला वार खोडून त्या खरा लिहितात आणि मगच माझं पहिलं वाक्य घेतात. मी तोवर चहा पिते.

आजची बातमी. आमचे चिरंजीव परवा स्टुलावरून पडले. वय वर्षं पन्नास. दुकानातल्या वरच्या फळीवरचं नरसाळं काढायचं होतं. सूनबाई म्हणाली मी काढते. हे म्हणाले, तुझा हात नाही पोचायचा, त्याला माझ्यासारखी उंची लागते. उंची खाली आली. पाय मोडला. दीड महिना प्लास्टर. नरसाळं अजून वरच आहे.

६ मार्च, शुक्रवार

दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. पत्र्याचं काम: बादल्या, टाक्या, पिंपं, नरसाळी. आमच्या ह्यांनी सुरू केलं, ते जाऊन नऊ वर्षं झाली, मग चिरंजीवांनी चालवलं. आता चिरंजीव मधल्या खोलीत खाटेवर आहेत, पाय उशीवर, तोंड भिंतीकडे. भिंत पातळ आहे. दुकानात टाचणी पडली तरी त्यांना ऐकू जाते आणि कोणाच्या हातून पडली हेही ते सांगतात.

पडायच्या आधी त्यांनी एक काम घेतलं होतं. लॉन्ड्रीवालीची गरम पाण्याची टाकी. या बाईच्या बोलण्यालासुद्धा इस्त्री असते. तिच्या अटी दोन. एक, जुन्या टाकीचं पितळी झाकण नव्या टाकीला बसलं पाहिजे. टाकी गंजून भंगारात गेली पण झाकण तिच्या आईच्या वेळचं आहे. दोन, टाकीत तिच्या बादलीने चौदा बादल्या पाणी मावलं पाहिजे, काठोकाठ. कमी नाही, जास्त नाही. तिचं साबणाचं पुडकं चौदा बादल्यांचं असतं. एकदा बारा बादल्यांत टाकलं तर फेस रस्त्यावर गेला आणि एक सायकलवाला त्यात दिसेनासा झाला म्हणे. झाकण आणि बादली दोन्ही आमच्याकडे ठेवून गेली. वीस तारखेच्या आत टाकी हवी. ही नीट झाली तर तिच्या बाकीच्या पाच दुकानांच्या टाक्याही आमच्याच.

चिरंजीवांनी झाकण मोजून कागदावर लिहिलं, "झाकण ७५", आणि मग नरसाळं काढायला चढले.

आता म्हणतात, झाकण परत करा. पाय बरा झाला की गॅसच्या गोदामावर पहारेकरी होतो, बसून काम आहे. मोबाईलची कव्हरं विकणारा एकजण पुढची खोली मागतोय. दोनदा येऊन भिंती वाजवून गेला, कलिंगड घ्यावं तशा.

सूनबाई म्हणाली, "टाकी मी करते."

चिरंजीव इतके हसले की प्लास्टर दुखलं. पण ती हसली नाही, तेव्हा म्हणाले, कर. बरोबर झाली तर दुकान तुझं. चुकली तर किल्ली कव्हरवाल्याला. ती म्हणाली, आई, तुम्ही साक्षीदार. म्हणून हे आज लिहून ठेवलंय. टायपिस्टबाईंनी खाली दोन रेघा मारल्या, त्यांच्याकडची ती सगळ्यात मोठी शपथ.

आता खरं सांगते. गेली चार वर्षं आमच्या बादल्यांच्या कड्या आणि सांधे सूनबाईच कथलाने झाळते, चिरंजीवांना जवळचं दिसत नाही म्हणून. गिऱ्हाईकाला हे माहीत नाही. चिरंजीवांनाही ते फारसं माहीत आहे असं दिसत नाही. पण मापं घेणं आणि पत्रा कापणं याला तिने कधी हात लावलेला नाही. आणि जाड जस्ती पत्रा दुकानात एकच उरलाय. चुकला की संपलं.

७ मार्च, शनिवार

सूनबाईने रद्दीवाल्याकडून शाळेचं भूमितीचं पुस्तक आणलं. टाकीला त्यात वृत्तचिती म्हणतात. मी म्हटलं, हे लॉन्ड्रीवालीच्या कानावर घालू नको, म्हणेल मी तर टाकी सांगितली होती.

टाकीत पाणी किती मावतं याचं सूत्र तिने खडूने भिंतीवर लिहिलं. मला अक्षर येत नाही पण वस्तू ओळखू येतात. सुरुवातीला एक नरसाळं. मग दोन आडव्या काड्या. मग एक स्टूल. मग भिंतीला मारतात तशी एक खुंटी, खुंटीच्या डोक्यावर बारीकसं बदक, आणि शेवटी पाठीची खुर्ची. सूनबाईने समजावलं: नरसाळं म्हणजे एकूण पाणी. काड्यांचा अर्थ बरोबर. खुंटी म्हणजे झाकणाच्या मध्यापासून काठापर्यंतचं अंतर. बदक म्हणजे ते अंतर त्यालाच एकदा गुणायचं. खुर्ची म्हणजे टाकीची उंची. आणि स्टूल हा एक ठरलेला आकडा आहे, बावीस भागिले सात, कधी बदलत नाही, त्याला म्हणे पाय म्हणतात. मी तिला सांगितलं की स्टूल आणि पाय हा विषय या घरात सध्या हळू आवाजात काढ.

पण पुस्तकाची अडचण अशी की उंची सांगितली तर ते पाणी सांगतं. आपल्याला पाणी माहीत आहे, बादली बावीस लिटरची म्हणजे चौदांचे तीनशे आठ लिटर, आणि हवी आहे उंची. म्हणजे खुर्ची एकटी करायची. स्टूल, खुंटी, बदक, सगळ्यांना काड्यांच्या पलीकडे पाठवायचं. आणि पलीकडे गेलं की जो इकडे गुणत होता तो तिकडे भागायला लागतो.

मी म्हटलं, यात नवीन काय? चिरंजीव घरात गर्जतात आणि सासुरवाडीला गेले की तांब्या कुठे ठेवू विचारतात. पण खुर्चीला एकटं सोडायचं हे मला फार आवडलं. मीही पन्नास वर्षं तेच मागतेय.

९ मार्च, सोमवार

उत्तर आलं. टाकीची उंची सव्वीस मीटर.

टायपिस्टबाई म्हणाल्या, विमानवाल्यांना कळवावं लागेल. मी म्हटलं, खालून जाळ लावला तर वरचं पाणी गरम व्हायला दोन पिढ्या जातील. आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसलो आणि मग बघितलं तर सूनबाई हसत नव्हती. खडूचे दोन तुकडे झाले होते. भिंतीपलीकडून खोकला आला. चिरंजीवांना सर्दी नाही.

मी चष्मा लावून भिंतीजवळ गेले. परवाचं चित्र वर होतं, आजचं खाली. आजच्यात खुर्ची एकटी होती, तिची बडदास्त चांगली ठेवली होती. पलीकडे नरसाळ्याच्या खाली स्टूल होतं, खुंटी होती.

मी विचारलं, "बदक कुठे गेलं?"

सूनबाईने माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. खुंटीला पलीकडे पाठवताना बदक अलीकडेच राहून उडून गेलं होतं. पोरगी सासरी पाठवली आणि ट्रंक फलाटावरच राहिली, त्यातला प्रकार.

१० मार्च, मंगळवार

बदकासकट केलं तर उंची सत्तर सेंटिमीटर आली. किंचित कमी, पण सत्तर धरलं. सूनबाई आज न बोलावता गुणगुणत होती. दुकानातला टेप घेऊन तिने पत्र्यावर सत्तरची रेघ आखली. वरखाली मोजली, तीनदा. कातर धार लावायला दिली आहे, परवा येईल. मग कापायचं.

मी तिला एक गोष्ट सांगितली. आमचे हे पत्रा कापायला बसले की तोंडाने जप करायचे: पाच वजा, पाच वजा. चाळीस वर्षं. एकदा मी अर्थ विचारला तर म्हणाले, या दुकानाचं गुपित आहे. मी माझ्यापुरतं ताडलं. मनातले शत्रू वजा करायचे. शत्रू सहा असतात म्हणतात, पण ह्यांनी राग स्वतःकडे ठेवून घेतला होता, त्यामुळे पाच. जप मात्र सिद्ध होता. मुलांना ताप आला की मी कपाळावर हात ठेवून "पाच वजा" म्हणायची. उतरायचाही.

सूनबाईचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण माझं मन ठेवते. आज दिवसभर पत्रा ठोकून सपाट करताना मोठ्याने म्हणत होती, पाच वजा, पाच वजा. पलीकडे खाट करकरली. नंतर चिरंजीवांनी स्वतःहून माझ्याकडे पाणी मागितलं आणि म्हणाले, हिला बरंच येतं की. मी म्हटलं, हे तिला सांग. लगेच भिंतीकडे वळले.

१२ मार्च, गुरुवार

टायपिस्टबाईंचे हात अजून थरथरताहेत, अक्षर वाकडं आलं तर त्यांचा दोष नाही. आज आम्ही दोघींनी सात बादल्या पाणी उपसलं.

झालं असं. ते पितळी झाकण चिंच लावून घासायला मी अंगणात घेतलं. चांगलं ऐसपैस, चार बोटं खोल काठ आहे त्याला. मुठीवर डुगडुगतं म्हणून जुन्या टायरवर उलटं ठेवलं आणि धुवायला बादलीभर पाणी ओतलं. भरलं नाही. अजून थोडं ओतलं, अर्ध्या बादलीच्या आत भरलं. मी टायपिस्टबाईंना म्हटलं, हे झाकण म्हणजे काय, बुटकी टाकीच. टाकी याच्याच रुंदीची. मग चौदा बादल्यांना अशी किती झाकणं भरतील तेवढी टाकी उंच. त्या म्हणाल्या, मोजा. त्यांना मोजायला सांगितलं की फार आनंद होतो.

चौदा बादल्या दोन म्हाताऱ्यांना झेपणार नाहीत म्हणून सात घेतल्या, त्याही तांब्या-तांब्याने. झाकण भरलं की मी मोजणीचं एक बटण बाजूला ठेवायची आणि झाकण तोटीखालच्या मोरीत कलंडवायची. टायपिस्टबाई बादल्यांच्या खुणा लिहीत होत्या. एकदा झाकण माझ्या पायावर कलंडलं, एकदा त्यांच्या मांडीवर. सात बादल्या संपल्या तेव्हा बटणं पाच. अगदी पाच, काठोकाठ. सातांना पाच, तर चौदांना दहा. म्हणजे टाकी दहा झाकणं उंच.

मी केरसुणीच्या दांड्यावर झाकणाची खोली दहा वेळा टाकून कोळशाने खूण केली आणि ओल्या लुगड्यानेच दुकानात गेले. दांडा पत्र्यावर ठेवला. सूनबाईच्या सत्तरच्या रेघेच्या वर माझी खूण आली. वीतभराला थोडी कमी, एवढी वर.

कातर धार लावून आली होती. सूनबाईच्या हातात होती.

म्हणाली, "आई, पुस्तक खोटं बोलत नाही."

मी म्हटलं, "पाणी पण नाही बोलत."

तिने कातर खाली ठेवली. पण माझ्याशी बोलली नाही, नंतरही नाही.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळपासून तिने भिंतीवरचं गणित चार वेळा केलं. खुर्ची एकटी, बदक जागेवर, उत्तर तेच, सत्तर. मला पुन्हा पाणी ओतायला सांगितलं तर मी ओतलं असतं, पण टायपिस्टबाई आज कोरड्या साडीत आल्या होत्या आणि तसं राहायचं असं ठरवून आल्या होत्या. सूनबाईचे डोळे लाल. मला कळत होतं. पत्रा एक. माझं ऐकलं तर पुस्तक गेलं, पुस्तकाचं ऐकलं तर मी गेले. आणि पलीकडे खाटेवर एकजण निकालाची वाट बघत होता.

शेवटी म्हणाली, झाकणच पुन्हा मोजते. दुकानातला टेप कुठे सापडेना, म्हणून शिलाई मशीनच्या खणातला कापडी टेप आणला. मोजलं. पुन्हा मोजलं.

"सत्तर आहे," म्हणाली. "कागदावर पंच्याहत्तर लिहिलंय आणि झाकण सत्तरच आहे."

मी म्हटलं, मी जोरात घासलं खरं, पण इतकंही नाही.

तेवढ्यात दुकानातला टेप सापडला, टायपिस्टबाई त्याच्यावर बसल्या होत्या. त्यांनी तो उचलला आणि सवयीप्रमाणे पहिल्यापासून वाचायला घेतला. त्या डब्यावरचं लेबलसुद्धा पहिल्यापासून वाचतात. म्हणाल्या, "या टेपात सुरुवातीलाच सहा आहे. एक ते पाच कुठे आहेत?"

आम्ही तिघींनी त्या टेपाचं तोंड बघितलं. टोकाला अडकवायचा नवा हूक झाळून लावला होता, ह्यांच्या हातचा, इतका सुबक की टेप असाच जन्माला आला असं वाटावं. कधीतरी कातरीत सापडून पाच सेंटिमीटर गेले असणार, आणि नवा टेप घेतील तर ते हे कसले.

सूनबाई उठली आणि मधल्या खोलीत खाटेपाशी जाऊन उभी राहिली. आम्ही दोघी मागोमाग, वही घेऊन.

"पाच वजा म्हणजे काय हो?"

"म्हणजे पाच कमी करायचे. आणखी काय असणार? कागदावर टेपाचा आकडा लिहायचा, कापताना पाच वजा करायचे. बाबांची पद्धत."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू तर मंगळवारपासून घोकत होतीस," चिरंजीव म्हणाले. "भिंतीतून ऐकत होतो. मला वाटलं, हिला न सांगता कळलं. मला तर बाबांनी दोन टाक्या वाया गेल्यावर सांगितलं."

सूनबाईने माझ्याकडे बघितलं. मी टायपिस्टबाईंकडे बघितलं. त्यांनी वहीत बघितलं.

चाळीस वर्षं मी वजाबाकीने पोरांचा ताप उतरवला.

मग सूनबाई हसायला लागली. खाटेचा कठडा धरून हसली. हसता हसता म्हणाली, "आणि तुमची उंची कोणत्या टेपाने मोजलेली आहे?" चिरंजीव सगळीकडे एकशे त्र्याहत्तर सांगतात, लग्न ठरवताना मीही तेच सांगितलं होतं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाले, प्लास्टर निघालं की नव्याने मोजू. टायपिस्टबाई म्हणाल्या, पडूनही मोजता येतं, माप बदलत नाही. चिरंजीवांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

भिंतीवर नवं गणित झालं. सत्तरचे अर्धे पस्तीस, पस्तिसाला बदक, मग स्टूल, सगळे पलीकडे. खुर्ची एकटी. ऐंशी. माझा दांडा कापडी टेपाने मोजला, ऐंशी.

मी म्हटलं, तुला दोन भिंती लागल्या, मला सात बादल्या. ती म्हणाली, आई, उद्या हजार बादल्यांची टाकी आली तर? मी कमरेला हात लावून बघितला आणि म्हटलं, त्याला भिंतच बरी.

१४ मार्च, शनिवार

कापताना ती काहीच पुटपुटली नाही. कातर लावली तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "खालीवर दोन-दोन मुरडायला सोड. ते पुस्तकात नसतं." तिने चौऱ्याऐंशीवर कापलं. "बरं," एवढंच म्हणाली. मी मध्ये पडले नाही, हे मुद्दाम लिहा. असं रोज होत नाही.

१७ मार्च, मंगळवार

टाकी उभी राहिली. सांधा सरळ आहे, तळ बसलाय. पाणी भरून ठेवलं तर एका जागी घाम फुटल्यासारखं झालं, तिथे पुन्हा झाळलं. सूनबाईच्या बोटाला दोन ठिकाणी भाजलंय. चिरंजीवांनी मला बोलावून विचारलं, कशी दिसते? मी विचारलं, टाकी का ती? म्हणाले, टाकी. मी म्हटलं, मग स्वतः येऊन बघ, कुबड्या कोपऱ्यात धूळ खाताहेत.

आले. टाकीभोवती एक फेरी मारली. सांध्यावर नख फिरवलं, वरपासून खालपर्यंत. काही बोलले नाहीत. त्यांचे वडीलही चांगल्या कामावर बोलायचे नाहीत, वाईटावर मात्र व्याख्यान. तेव्हा हे चांगलंच म्हणायचं. पण सूनबाईला हे कसं कळणार? ती तशीच उभी होती, फडक्याने हात पुसत, पुसून झालेले.

१९ मार्च, गुरुवार

लॉन्ड्रीवाली आली. झाकण आधी बसवून बघितलं. बसलं. चांगल्या सुनेसारखं, थोडं कुरकुरून. मग म्हणाली, आता पाणी. बादली तीच भरणार, ओतणार तीच, मोजणार तीच. दुसऱ्यांच्या मोजण्यावर तिचा विश्वास नाही. गल्लीतली चार माणसं दारात जमली. कव्हरवालाही आला होता, भिंतीला टेकून उभा, अजून वाजवत होता.

नऊ बादल्या झाल्यावर मी तिला त्या फेसातल्या सायकलवाल्याचं पुढे काय झालं ते विचारलं. तिने सांगितलं, चांगलं रंगवून, दोन्ही हातांनी. संपल्यावर म्हणाली, माझ्या किती झाल्या? टायपिस्टबाईंनी नऊ सांगितलं, ते तिला चालेना. टाकी रिकामी केली. सूनबाईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती लिहू नका. पुन्हा एकपासून.

या वेळी कोणी बोललं नाही. तेरावी ओतली तेव्हा पाणी काठाच्या खाली होतं. किती खाली ते मी सांगू शकत नाही, मी बघत नव्हते, मी सूनबाईचे हात बघत होते. चौदावी बादली लॉन्ड्रीवालीने हळूहळू ओतली. शेवटची धार बारीक केली. मग थेंब. पाणी काठाला लागलं, काठाच्या वर थोडं फुगलं, भरपेट जेवल्यावर आपलं पोट फुगतं तसं. आणि थांबलं. सांडलं नाही.

लॉन्ड्रीवालीने वाकून, डोळा काठाला लावून बघितलं. "कोणी केली?"

चिरंजीव कुबड्यांवर दारात होते. तोंड उघडून बसलेल्या माणसासारखे उभे राहिले. सूनबाईही गप्प. इतक्या वर्षांची सवय, कोण मोडणार?

मीच मोडली असती. पण त्याच्या आधी चिरंजीव म्हणाले, "हिने."

लॉन्ड्रीवाली सूनबाईला म्हणाली, बाकीच्या पाच पण हीच उंची. सूनबाईने विचारलं, पाचांची झाकणं एकाच रुंदीची आहेत का? लॉन्ड्रीवालीला माहीत नव्हतं. सूनबाई म्हणाली, मग उंची प्रत्येकीची वेगळी निघेल, झाकणं पाठवून द्या, मी काढते. कव्हरवाल्याने भिंतीवरचा हात काढून घेतला आणि मला म्हणाला, भिंती छान आहेत आजी. मी म्हटलं, हो, गणिताला बऱ्या पडतात.

२३ मार्च, सोमवार

आज दुपारी आमचं जेवण चाललं होतं. चिरंजीव आधी जेवून दुकानाच्या दारात बसले होते, पाय डब्यावर ठेवून, कड्यांना वाकण देत. ते काम बसून होतं. सूनबाईने दिलंय.

एक दूधवाला आला. आवाज ओळखीचा नव्हता. म्हणाला, मिस्त्री आहेत का, पिंपाचं माप द्यायचंय.

हे मी का लिहायला सांगतेय ते टायपिस्टबाईंना कळत नाहीये. रोज माणसं येतात, त्यात काय, असं त्यांचं म्हणणं. सांगते. ही पोरगी या घरात आली त्याला चोवीस वर्षं झाली. दुपारी दुकानात कोणी हाक मारली की ताटावरून उठायचं, दारात जायचं, आणि "ते जेवतायत, बसा" म्हणून सांगायचं, हे काम पहिल्या दिवसापासून तिचं. परत येईपर्यंत ताट गार. आजही हाक आली तशी ती सवयीने उठायला लागली, घास हातातच.

दारातून चिरंजीवांचा आवाज आला.

"मिस्त्री जेवतायत. बसा."

सूनबाई अर्धी उठलेली तशीच राहिली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि भांडं पुढे केलं. तिने पुन्हा वाढून घेतलं. मग आणखी एकदा घेतलं. एवढी भूक तिला असते हे मला आज कळलं.

दूधवाला वीस मिनिटं बसला.